मफीबोशेथाला कोण विचारणार?

अपंगांच्या सेवाकार्याची सरकारदरबारी नोंदणी करावी काय : एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९, १६:१-४, १९:२४-३०
पूरक वाचन : मार्क २:१-१२; लूक १०:३०-३७; प्रेषितांची कृत्ये ६:१-७; २ करिंथ ८:१६-२१; यिर्मया ३२:६-१५

या पाठाचा विषय शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. नोंदणी, दाखले, हिशेब ही कचेरीतील कामे. त्यांचा पवित्र शास्त्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु आपल्या मंडळ्यांतून जेव्हा कोणी आंधळ्या, मुक्या, लुळ्या किंवा बुद्धीने मंद राहिलेल्या लेकरांसाठी काही करावयास उठतो, तेव्हा पहिल्याच बैठकीत हा प्रश्न पुढे येतो, आणि पुष्कळदा चांगले काम तेथेच अडते. कोणी म्हणतो, "आधी नोंदणी, मग काम." कोणी म्हणतो, "प्रभूच्या कामाला सरकारचा शिक्का कशाला?" म्हणून या महिन्यात आपण हा प्रश्न वचनाच्या उजेडात तपासू.

पाठाची पार्श्वभूमी

मफीबोशेथ हा योनाथानाचा पुत्र. तो पाच वर्षांचा असता त्याची दाई त्याला घेऊन पळाली, तो तिच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला (२ शमुवेल ४:४). दावीद राजाने योनाथानाच्या स्नेहास्तव त्याला लो-दबाराहून बोलावून आणले, शौलाची शेतीवाडी त्याला परत दिली आणि स्वतःच्या पंक्तीला बसवले. जमिनीची वहिवाट पाहण्यास सीबा नावाचा कारभारी नेमला. येथपर्यंतची गोष्ट आपण लेकरांना नेहमी शिकवतो आणि राजाच्या दयेवर पाठ संपवतो.

पण गोष्ट तेथे संपत नाही. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद यरुशलेमेतून पळाला. तेव्हा सीबा गाढवांवर भाकरी, मनुका, फळे आणि द्राक्षारस लादून वाटेत भेटला व म्हणाला की आपला धनी राज्य मिळण्याच्या आशेने शहरातच राहिला आहे. राजाने चौकशी न करता मफीबोशेथाचे सर्वस्व सीबाला देऊन टाकले. राजा परत आला तेव्हा मफीबोशेथ त्याला सामोरा गेला. त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. त्याने सांगितले की मी पांगळा, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो. माझ्या चाकराने मला फसवले व तुमच्याजवळ माझी निंदा केली. राजाने अर्धी जमीन त्याला, अर्धी सीबाला असा तोडगा सांगितला.

येथे आपण थांबून विचार करावा. राजा प्रेमळ होता. त्याने दिलेले दान मोठे होते. तरी तो अधू मनुष्य लुबाडला गेला, कारण त्याच्याविषयी जे काही राजाच्या कानी गेले ते त्याच्या कारभाऱ्याच्याच तोंडून गेले. मफीबोशेथाला स्वतःला जाऊन विचारणारा तिसरा माणूस कोणी नव्हता. आजच्या पाठाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

प्रश्न आपल्या गावचा

आता हा प्रश्न एका गावात नेऊन पाहू. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात बाजारकुणंग हे गाव आहे. हा पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरील धरणात सुपा बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. मुलूख डोंगराळ, रान दाट, पाऊस फार, वाड्या एकमेकींपासून दूर. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. आजही या बाजूला पुष्कळ घरांतून मराठी व कोंकणी बोलली जाते, पण कचेरीचा कारभार कन्नडात चालतो आणि जिल्ह्याचे ठाणे घाटाखाली कारवारला आहे.

समजा, अशा गावी एक निवृत्त परिचारिका, एक शिक्षक आणि एक सुतार असे तिघे विश्वासी एकत्र येतात. आजूबाजूच्या वाड्यांत काही लेकरे अशी आहेत की ती शाळेत जात नाहीत. कोणाला बसता येत नाही, कोणाला बोलता येत नाही. आईबाप शेतावर जाताना त्यांना घरी ठेवून जातात. या तिघांना वाटते, एक खोली घ्यावी, लेकरांना दिवसा तेथे आणावे, हातपाय हलवण्याचा सराव द्यावा, चार अक्षरे शिकवावी. ज्या घरांना शक्य त्यांनी महिन्याला थोडे पैसे द्यावे, बाकीचे दानातून यावे. आता त्यांनी नोंदणी करावी काय?

प्रेमाला नोंदणी लागत नाही

प्रथम हे स्पष्ट असावे की शेजाऱ्यावर प्रीती करण्यास कोणाचा दाखला लागत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील चौघांनी पक्षघाती मनुष्याला बाजेवर घालून आणले, छप्पर उस्तरले आणि त्याला प्रभूपुढे सोडले. त्यांनी आधी समिती नेमली नाही. परिचारिकेने शेजारच्या घरी जाऊन आईला लेकराचे पाय कसे हलवावे हे दाखवले, सुताराने बसण्यासाठी आधाराची खुर्ची करून दिली, शिक्षकाने एखाद्याला तालुक्याला नेऊन अपंगत्वाचा दाखला व यूडीआयडी कार्ड काढून दिले, तर ही शेजारधर्माची कामे आहेत. ती आजच सुरू व्हावीत. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर अपंगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची योजना आहे. त्याची गाठ घ्यावी, म्हणजे कोणत्या घरी कोण आहे व कोणास काय मिळू शकते हे कळेल. "नोंदणी झाली नाही म्हणून थांबलो आहोत" असे सांगून ही कामे टाळणे हे याजकाने व लेव्याने रस्त्याच्या पलीकडून निघून जाण्यासारखे होईल.

ताबा आणि पैसा आला की प्रश्न बदलतो

त्याच दृष्टांतात पुढे सराई येते. शोमरोनी मनुष्याने जखमी माणसाला सराईत नेले, सराईवाल्याला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. येथे दोन गोष्टी नव्याने आल्या. एक असाहाय्य माणूस दुसऱ्याच्या छपराखाली, त्याच्या ताब्यात आला, आणि पैशाचा व्यवहार झाला. सराईवाल्याने मोबदला घेतला म्हणून प्रभूने त्याला दोष दिला नाही. कामकऱ्याला मजुरी मिळणे योग्यच आहे. पण शोमरोनी परत येणार होता, हिशेब व्हायचा होता. सराईवाल्याला विचारणारा कोणीतरी होता.

म्हणून आपण निर्णयाची रेघ येथे ओढू. जोवर आपण लेकराच्या घरी जातो, तोवर आईबापांचा डोळा आपल्यावर असतो. ज्या दिवशी आपण लेकराला आपल्या छपराखाली आणतो, किंवा त्याच्या नावाने लोकांकडून पैसा घेतो, त्या दिवशी आपण कारभारी झालो. त्या दिवसापासून आपल्याला विचारणारा कोणीतरी बाहेरचा असलाच पाहिजे.

देशाचा कायदा काय सांगतो

कायद्यानेही रेघ जवळजवळ तेथेच ओढली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगांच्या संस्थांना नोंदणीचा दाखला सक्तीचा झाला. त्या कायद्याच्या जागी आता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. त्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे दाखल्यावाचून कोणीही अपंगांची संस्था स्थापू किंवा चालवू नये. संस्था म्हणजे केवळ वसतिगृह नव्हे. ठेवून घेणे, सांभाळणे, शिकवणे, प्रशिक्षण देणे, पुनर्वसन करणे हे सर्व त्या व्याख्येत येते. तेव्हा बाजारकुणंगची आपली दिवसाची खोलीही त्यात येते, मग फी घ्या किंवा घेऊ नका. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून नीट ध्यानात घ्यावे. नोंदण्या दोन आहेत. पहिली सोसायटीची. कर्नाटकात ती १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली होते. सात प्रौढ व्यक्ती, उद्देशपत्र आणि नियमावली लागते. दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी व ताळेबंद सादर करावा लागतो. महाराष्ट्रातील वाचकांना यासाठी धर्मादाय आयुक्तांची कचेरी ठाऊक आहेच. दुसरी नोंदणी वर सांगितलेली, अपंगांसाठी संस्था चालवण्याची. पहिली म्हणजे जन्माचा दाखला, दुसरी म्हणजे काम करण्याचा परवाना. पहिली झाली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये. दुसरीसाठी चौकशीचा आरंभ कारवारला, जिल्ह्याच्या अपंग कल्याण अधिकाऱ्याच्या कचेरीतून करावा. अर्ज दिल्यावर ९० दिवसांच्या आत दाखला द्यावा किंवा अर्ज नाकारावा असे कायदा म्हणतो; आणि नाकारण्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट. जो विशेष शिक्षक किंवा पुनर्वसनाचा तज्ज्ञ म्हणून काम करतो, त्याचे नाव १९९२ च्या कायद्याने स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. मायाळूपणा ही शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. चुकीच्या रीतीने ओढलेला पाय आणखी अधू होतो.

चार आक्षेप

१) "नोंदणी करणे म्हणजे विश्वासात उणे पडणे." यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचावा. शहराला वेढा पडला असता देवाच्या आज्ञेने संदेष्ट्याने अनाथोथचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत लिहिले, शिक्का मारला, साक्षीदार घेतले आणि खत मातीच्या पात्रात जपून ठेवण्यास बारूखाला सांगितले. तो कागद अविश्वासाचा नव्हता. पुढे येणाऱ्या दिवसांवर विश्वास होता म्हणूनच त्याने तो केला.

२) "आम्ही प्रामाणिक आहोत, आमच्यावर पहारा कशाला?" पौलाहून प्रामाणिक कोण? तरी यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेतले, यासाठी की प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही कारभार चोख दिसावा. जो प्रामाणिक आहे त्याला हिशेबाची भीती नसते. उलट संशयापासून हिशेबच त्याचे रक्षण करतो.

३) "सरकारी माणसे येऊन ढवळाढवळ करतील." कधी कधी त्रास होतो हे खरे. पण कोणीच न आल्यास काय होते तेही पाहावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण मरण पावले. एरवाडीला लोक आपल्या माणसांना दर्ग्याच्या श्रद्धेने आणून ठेवत. श्रद्धा होती, पण त्या साखळ्या पाहून "या सोडा" असे अधिकाराने सांगणारा कोणी वेळेवर आत गेला नाही. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून आपल्या घरी असे होणारच नाही, असे कोणी म्हणू नये.

४) "खर्च आणि खेपा परवडणार नाहीत." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला तुच्छ लेखू नये. बाजारकुणंगाहून कारवारची एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. पावसाळ्यात अणशी घाटात दरड कोसळली तर तेही नाही. कागद कन्नडात, हिशेबनीसाची फी वेगळी, आणि दाखल्याची मुदत संपण्यापूर्वी पुन्हा अर्ज. हे बळ नसेल तर दुसरी वाट आहे. आधीच नोंदलेल्या व या कामाचा दाखला असलेल्या विश्वासू संस्थेची शाखा म्हणून काम करावे. मंडळीची स्वतःची सोसायटी किंवा ट्रस्ट असेल तर तिच्या उद्देशपत्रात अपंगांची सेवा बसते काय हे पंचांनी पाहावे. आणि तेही जमत नसेल तर खोली न उघडता घरोघर जाण्याचेच काम करावे. तेही पूर्ण सेवाकार्य आहे, अर्धे नव्हे.

आधी चाललेल्यांची वाट

अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. अपंगांच्या संस्थांसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. परंतु मिशनचे वार्षिक अहवाल छापले जात आणि देणाऱ्यांपुढे जात. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापली आणि आनंदवन १९५१ साली उभे राहिले. म्हणजे समिती आधी, वसाहत मागाहून. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बुद्धीने मंद असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली, तीही स्वतःच्या घरातील मुलाच्या अनुभवातून. कोल्हापूरला स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. ही कामे वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी केली, पण सर्वांत एक सारखेपणा आहे. काम एका माणसाच्या जिव्हाळ्यातून निघाले आणि त्या माणसापाशी अडून राहिले नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना ऑस्ट्रेलियातील रीत ठाऊक असेल. तेथे २०१३ पासून अपंगांसाठी राष्ट्रीय विमा योजना आहे आणि सेवा देणारे नोंदलेले व न नोंदलेले असे दोन्ही प्रकारचे असतात. परंतु वर्तनाचे नियम दोघांनाही बंधनकारक आहेत, आणि तक्रार दोघांविरुद्धही करता येते. म्हणजे तेथेही मूळ मुद्दा तोच: नोंदणी असो वा नसो, विचारणारा असलाच पाहिजे.

आमच्यामागे कोण?

अपंग लेकराच्या आईबापांना रात्री झोप येऊ देत नाही असा एक प्रश्न आहे: आम्ही गेल्यावर याचे कोण? परिचारिका आज साठीची असेल. शिक्षकाची बदली होईल. तीन माणसांची इच्छा तीन माणसांबरोबर संपते. नोंदलेली संस्था माणसे बदलली तरी राहते, तिची मालमत्ता कोणाच्या वारसांना जात नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुअपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. आईबाप व नातेवाईक असा अर्ज करू शकतात, आणि नोंदलेली संस्थाही करू शकते. न नोंदलेल्या तिघांना ते दार उघडत नाही. दावीदानेही मफीबोशेथाला नुसते जेवायला बोलावले नाही. त्याच्या नावाने जमीन लावून दिली.

नोंदणी झाली म्हणजे झाले नव्हे

तरीही भिंतीवर टांगलेला दाखला लेकराला भरवत नाही. सीबा राजाने नेमलेला, सरकारमान्यच कारभारी होता. म्हणून सातजण निवडताना प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, पुढे ठेवावा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी तो अपमान मानला नाही. त्यांनी चांगल्या नावाचे सात पुरुष निवडावयास सांगितले. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीक वळणाची आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक वाटणीवर बसले. आपल्या कायद्यालाही सातच लागतात. त्या सातांत अपंग लेकरांची आई असावी, स्वतः अपंग असलेला एखादा प्रौढ असावा. सातही जागा पाळक, पंच आणि त्यांचे नातलग यांनी भरल्या, तर नोंदणी होऊनही मफीबोशेथ पुन्हा दाराबाहेरच राहिला.

सारांश

बाजारकुणंगच्या आपल्या तिघांना आपण असे सांगू: घरोघर जाणे उद्यापासून सुरू करा. खोली उघडण्यापूर्वी आणि पहिली पावती फाडण्यापूर्वी मात्र दोन्ही नोंदण्या करा, किंवा ज्यांच्या त्या झाल्या आहेत त्यांच्या छत्राखाली जा. नोंदणीसाठी लागणारा वेळ लेकरांची घरे ओळखण्यात घालवा. मंडळीने त्यांना नुसता आशीर्वाद देऊन पाठवू नये. कारवारच्या खेपांचे भाडे आणि कन्नड जाणणारा एक माणूस द्यावा.

वर्गात चर्चेसाठी

१) सीबाविषयी राजाने काय चौकशी करावयास हवी होती? आपल्या मंडळीत अशी चौकशी कोण करतो?
२) आपल्या गावातील किंवा वॉर्डातील अपंग व्यक्तींची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? त्यांतील कितीजण उपासनेला येऊ शकतात? न येण्याचे कारण पायऱ्या आहेत की आपण?
३) आपल्या मंडळीच्या उद्देशपत्रात काय लिहिले आहे हे वर्गातील किती जणांनी वाचले आहे? पुढच्या रविवारी ते आणून वाचावे.
४) सात माणसांची समिती नेमायची झाल्यास तुम्ही कोणाची नावे सुचवाल, आणि का?

लहान वर्गासाठी : मफीबोशेथाची गोष्ट तिन्ही अध्यायांतून सांगावी. मग मुलांनी आळीपाळीने राजा, सीबा आणि मफीबोशेथ व्हावे, आणि राजा झालेल्या मुलाने सीबाचे ऐकून झाल्यावर मफीबोशेथालाही प्रश्न विचारावेत.

प्रार्थनेचे विषय : रानातल्या वाड्यांत घरी एकटी राहणारी लेकरे; त्यांचे थकलेले आईबाप; कचेरीत बसून अशा अर्जांचा निकाल करणारे अधिकारी; आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याचा सांभाळ आहे ते सर्व कारभारी.